काखेतलं ठिगळ

तिला सगळे अल्टरबाई म्हणत. दारावरच्या पाटीवरच तसं लिहिलं होतं: येथे जुने कपडे अल्टर करून मिळतील. नवं काही ती शिवायची नाही. नवं काय, कोणीही शिवतं, असं तिचं म्हणणं. जुना कपडा हातात आला की आधी त्याची विचारपूस करावी लागते. कोणाच्या मापाचा होतास, कोणी शिवलं, कुठे घट्ट झालास, कुठे सैल पडलास, आणि मुख्य म्हणजे शिलाईच्या आत माया किती आहे. माया म्हणजे शिवणाऱ्याने कडेला दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. ती असली तर बारीक माणसाचा कोट जाड्या माणसाला होतो, नसली तर देवाचं नाव घ्यायचं. शहाणा शिंपी माया सोडतो, कंजूष सोडत नाही, आणि उसवल्याशिवाय कोण कसा होता ते कळत नाही. हे तिचं चाळीस वर्षांचं ज्ञान. गिऱ्हाइकाला ती ते फुकट द्यायची, मागितलं नसलं तरी द्यायची.

दुकान म्हणजे रस्त्यावरून चार पायऱ्या उतरून एक खोली. खिडकी फुटपाथच्या पातळीला, त्यामुळे येणारीजाणारी माणसं तिला गुडघ्यापर्यंतच दिसत. तेवढी तिला पुरत. कोणाच्या पँटची खालची शिवण सुटलीय, कोण खरंच घाईत आहे आणि कोण नुसती घाई दाखवतंय, सगळं तिला खालून समजे. चेहऱ्याचं काय, तो हवं ते सांगतो, पाय खोटं बोलत नाहीत, असं ती म्हणायची. शेजारच्या खोलीत चावीवाला होता. तो दिवसभर कानस घासायचा, ही मशीन चालवायची, आणि दोघं भिंतीआडून एकमेकांशी ओरडून बोलायचे. दोघांच्याही गिऱ्हाइकांना वाटायचं, इथे भांडण चाललंय.

नवरा गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. आठव्या दिवशी धाकटा दीर एक ट्रंक आणि एक लाकडी पेटी घेऊन दारात उभा राहिला. पेटीत पितळी वजनं होती. तो काटेवाला, म्हणजे दुकानांतले, दवाखान्यांतले, कारखान्यांतले वजनकाटे दुरुस्त करणारा. तिशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, एकट्याने राहायची सवय. महिनाभर थांबतो म्हणाला. त्या महिन्याला आता पंचवीस वर्षं झाली. पुढची खोली त्याची, मागच्या दोन मायलेकींच्या.

पहिल्या वर्षी त्याने घराला सळो की पळो करून सोडलं. पोरीचं दूध तो काट्यावर मोजून द्यायचा. एक थेंब जास्त नाही, एक थेंब कमी नाही. पोरगी रडली की घड्याळ बघायचा. वर्षभरात त्याने सहा वेळा ट्रंक भरली आणि सहा वेळा रिकामी केली. पण शाळा सुरू झाल्यावर पोरीच्या वेण्या कोण घालणार हा प्रश्न आला, कारण सकाळी दुकान उघडायचं असे. तेव्हा याने खुर्चीच्या पाठीला दोरी बांधली आणि तीन दिवस तिच्यावर वेणी घालायचा सराव केला. पुढे दहा वर्षं त्या पोरीच्या दोन वेण्या अशा असायच्या की तागडीत टाकल्या तरी काटा हलला नसता. तिला सायकलवर शाळेत सोडायचा तोच, पालकसभेला जायचा तोच, आणि तिला ताप आला की रात्रभर जागून सकाळी सगळ्यांवर चिडायचा तोही तोच.

तर असा हा काटेवाला ख्रिस्ती मंडळीतला वडील होता, म्हणजे चर्चच्या कारभारातला जाणता माणूस. दर रविवारी प्रार्थनामंदिरात शास्त्रपाठ तोच वाचायचा, तपकिरी कोट घालून, घसा एकदाच साफ करून. शास्त्राबद्दल त्याचं मत साधं होतं. किलो म्हणजे किलो. राजाला तोच, भिकाऱ्याला तोच, काल तोच, आज तोच. शास्त्रातल्या वचनाचंही तसंच. वचन उचलायचं, माणसासमोर ठेवायचं, काटा कुठे जातो ते बघायचं. अल्टरबाई म्हणायची, भाऊजी, वजन सगळ्यांना एक असेल, माप एक नसतं. यावर तो म्हणायचा, वहिनी, तुमचं ते कपड्यांचं बघा. पंचवीस वर्षं हा वाद चालला होता आणि दोघांनाही त्याची अशी सवय झाली होती की एखाद्या दिवशी तो झाला नाही तर जेवण बेचव लागे.

दोन वर्षांपूर्वी मंडळीत नवा पाळक, म्हणजे धर्मगुरू, आला. पोरगेलाच होता, कॉलेजातून ताजा ताजा निघालेला. पहिल्या आठवड्यात त्याने चार जणांच्या तोंडून 'अल्टरबाईंना विचारा' ऐकलं. त्याच्या शिकलेल्या कानाला ऑल्टर म्हणजे वेदी. त्याला वाटलं, वेदीची व्यवस्था बघणाऱ्या या कोणी बाई असणार. बिचारा चार पायऱ्या उतरून आला आणि अदबीने म्हणाला, ऑल्टरबद्दल बोलायचं होतं. हिने मशीनवरून वर न बघता विचारलं, सैल करायचंय की घट्ट? तो म्हणाला, नाही, फक्त वरची चादर बदलायची आहे. ती म्हणाली, चादर मी करत नाही, आणि अस्तर आहे का त्याला? पंधरा मिनिटं दोघं आपापल्या अल्टरबद्दल बोलत राहिले. शेवटी भिंतीपलीकडून चावीवाला इतका हसला की त्याची कानस खाली पडली. तेव्हापासून पाळक आणि अल्टरबाई यांचं मेतकूट जमलं. वेदीची चादरही तिनेच करून दिली, एका जुन्या पडद्यातून.

या पाळकाने गुरुवारी संध्याकाळी वाचनवर्ग सुरू केला. फळ्यावर तो तीन प्रश्न लिहायचा. तेव्हा ते कोणाला आणि का सांगितलं? त्यात कायमचं काय? आज आपल्याला काय? काटेवाल्याला हे पसंत नव्हतं. आपण शास्त्राला प्रश्न विचारायचे नसतात, शास्त्र आपल्याला विचारतं, असं तो म्हणाला, आणि ते काही अगदी चूक नव्हतं. अल्टरबाई मात्र फळ्याकडे बघून खूश झाली. म्हणाली, पाळकसाहेब, हे तर माझंच काम. आधी उसवायचं, मग इस्त्री फिरवून मूळची घडी कुठे होती ते बघायचं, आणि मग समोरच्या माणसाला बेतायचं. लोक काय करतात, दुसऱ्याचा कोट तसाच्या तसा अंगावर चढवतात आणि म्हणतात, देवाला शिवता येत नाही. पाळकाने ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

आता मुलीकडे वळू. ती एकोणतीस वर्षांची झाली होती, दवाखान्यात परिचारिका होती. दीड वर्षापूर्वी एक म्हातारी पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा घरी जाऊन मलमपट्टी आणि व्यायाम करून घ्यायचं काम हिच्याकडे आलं. म्हातारीचा मुलगा बसवाला होता, शहरातली बस चालवायचा. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली. दोन मुली, एक नऊ वर्षांची, एक सहाची. म्हातारी सहा महिन्यांत काठी टेकत फिरायला लागली, पण मुलीचं त्या घरी जाणं काही थांबलं नाही. सगळा ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. पण आईपासून काय लपणार? मुलगी दवाखान्यातून येताना लहान मुलींचे फ्रॉक आणायची, आई, जरा लांब करून दे, एका पेशंटचे आहेत. अल्टरबाईने त्या दोन पोरींना तोवर जवळून पाहिलंही नव्हतं, पण त्या किती वाढल्या हे तिला दुसऱ्यांदा माया उसवताना बरोबर कळलं. तिने नुसता धाकटीच्या फ्रॉकला खिसा लावून दिला, कारण त्या वयाच्या मुलींना खिसा लागतो.

शेवटी मुलीने घरात सांगितलं, की आम्ही लग्न करायचं म्हणतोय. अल्टरबाईने तिला जवळ घेतलं आणि टेपने तिची कंबर मोजली, ही तिची आनंद दाखवायची पद्धत. काटेवाल्याने ताट बाजूला सारलं. मग उठला, हात धुतले, आणि उभ्यानेच म्हणाला, "कोऱ्या कापडाचं ठिगळ जुन्या कपड्याला कोणी लावत नाही. लावलं तर ते कपडा आणखी फाडतं. हे माझं म्हणणं नाही, प्रभूचं आहे."

म्हणजे काय, तर मुलगी कोरं कापड आणि दोन पोरींच्या बापाचं घर हा जुना कपडा. बसवाल्यात त्याला खोट दिसत नव्हती. माणूस सरळ आहे, पोरी गुणी आहेत, म्हातारी तर मंडळीतलीच, हे सगळं त्याने कबूल केलं. पण वचन ते वचन. काटा तिकडे गेला होता.

मुलीने वाद घातला नाही. ज्याने दोरीवर सराव करून आपल्या वेण्या घातल्या त्या माणसाचा हो असल्याशिवाय मी लग्न करणार नाही, एवढंच ती म्हणाली. आणि वेळही फार नव्हता. बसवाल्याला दूरच्या गावातल्या आगाराची नोकरी आली होती आणि महिनाअखेरीला उत्तर द्यायचं होतं. हिचा हो असेल तर तो राहणार होता. नसेल तर पोरींना घेऊन जाणार होता, कारण रोज त्याच रस्त्यावर हिला लांबून बघत राहणं त्याला आणि पोरींना झेपलं नसतं. हातात अकरा दिवस होते.

अल्टरबाईने पहिल्या दिवशी तोफच डागली. उचलली जीभ लावली टाळ्याला, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, वगैरे सगळं बोलून झालं. त्यानंतर दोन दिवस दोघं मुलीमार्फत बोलत राहिले. त्यांना सांग चहा ठेवलाय. तिला सांग दिसलाय. मग तिने पाळकाला पाठवलं. तो मोठ्या धीराने पुढच्या खोलीत गेला आणि अर्ध्या तासाने दोन बिस्किटं खाऊन बाहेर आला. तुमच्या दिरांचंही एका दृष्टीने बरोबर आहे, म्हणाला. पोरगा चांगला, पण पाठीला कणा अजून धरायचा होता.

तेव्हा चौथ्या दिवशी दुपारी अल्टरबाईने मशीन बंद केलं, हात पुसले आणि शास्त्र उघडून ते वचन स्वतःच उसवायला घेतलं. आधी कोरं या शब्दापाशी थांबली. वाचायला तो शब्द तिने शंभर वेळा वाचला होता, पण तो आपल्या धंद्यातला आहे हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. दुकानातलं डोकं दुकानात आणि मंदिरातलं मंदिरात, असंच आपण सगळे करतो. मग तिने वरचं वाचलं. हे कोणी विचारलं, कशावरून निघालं? वाचता वाचता ती अशी हसायला लागली की चावीवाल्याने भिंतीवर हात आपटून काय झालं म्हणून विचारलं.

"अहो, लग्न!" ती ओरडली. "वरती लग्नच चाललंय!"

गुरुवारच्या वर्गाला तिने पाळकाकडून तोच पाठ लावून घेतला. स्वतः पिशवीत दोन उशांचे अभ्रे घेऊन गेली. काटेवाला नेहमीप्रमाणे दाराशेजारच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसला होता. पाळकाने सुरुवात केली. कोरं कापड म्हणजे काय, तर कोऱ्या कागदासारखं, ज्यावर फुलं नाहीत, नक्षी नाही असं साधं कापड, म्हणजेच निष्कपट मन. अल्टरबाई म्हणाली, पाळकसाहेब, खाली बसा. कोरं म्हणजे पाणी न लागलेलं. फुलाफुलांचंही कोरं असतं. खळ तशीच, ताठा तसाच. पहिल्या धुण्याला ते आटतं आणि आटताना ज्याला शिवलंय त्याला ओढतं.

मग तिने अभ्रे काढले. दोन्ही सारखेच जुने, दोन्हींना एकाच कापडाचं ठिगळ. एक ठिगळ कोरंच लावलेलं, दुसरं आधी भिजवून, वाळवून. दोन्ही अभ्रे तीनदा गरम पाण्यातून काढलेले. पहिल्याचं ठिगळ चुणीचुणीने गोळा झालं होतं आणि कोपऱ्यात अभ्रा टरकला होता. दुसरा सपाट, जसाच्या तसा. काटेवाला खुर्चीतून उठला. खिशातली घडीची पट्टी काढून त्याने दोन्ही ठिगळं मोजली आणि प्रामाणिकपणे सांगितलं की पहिलं दीड सेंटिमीटर आटलंय. खोटं बोलणं त्याच्या हाडातच नव्हतं.

"म्हणजे प्रभू ठिगळ लावू नका म्हणत नाही," अल्टरबाई म्हणाली. "भिजवल्याशिवाय लावू नका म्हणतो. एवढं तर कुठलीही शिवणारी बाई सांगेल."

"कापडाचं मान्य," काटेवाला म्हणाला. "पण पोरगी म्हणजे कापड नव्हे."

"मग तिला कापडाचं वचन कशाला लावलंत?"

सगळा वर्ग हसला. पाळकही हसला. काटेवाल्याने पट्टी घडी करून खिशात ठेवली, टोपी घेतली आणि निघून गेला.

ती जिंकली होती, पण घरी जाताना ते जिंकणं तिला चपलेतल्या खड्यासारखं टोचत होतं. पंचवीस वर्षांत तिने त्याला घरात हजारदा गप्प केलं असेल, पण चारचौघांत कधी नाही. मुलीने तर त्या संध्याकाळी स्पष्टच सुनावलं. आई, मला काकांना हरवायचं नव्हतं, मला त्यांचा हो हवा होता. शुक्रवारी पुढच्या खोलीचं दार बंदच राहिलं. महिनाअखेर सोमवारी होती.

शनिवारी काटेवाल्याचा तपकिरी कोट नेहमीसारखा दुकानाच्या खुंटीवर आला. कितीही भांडण असो, रविवारच्या पाठासाठी इस्त्री तिचीच लागे, आणि तो सकाळी काही न बोलता कोट टांगून गेला होता. दुपारी तिला खिडकीतून त्याचे बूट दिसले. ते आले, थांबले, पुढे गेले, परत आले. तिने तोवर कोट उलटा करून टेबलावर पसरला होता. तो पायऱ्या उतरून आत आला तेव्हा डाव्या बाहीचा काखेतला भाग नेमका उजेडात होता.

त्याने ते बघितलं. कपाळाला आठी पडली. हे काय म्हणून विचारलं.

"ठिगळ."

"माझ्या कोटाला ठिगळ नाही."

"तेरा वर्षं झाली त्याला. हात वर करून करून तिथे फाटला होता. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही कोट टाकून दिला असतात." मग तिच्याने राहवलं नाही. "काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकलं होतं, भाऊजी. काखेत ठिगळ घालून गावाला ठिगळाविरुद्ध उपदेश करणारा माणूस मी पहिलाच बघितला."

त्याच्या मिशीचं एक टोक हललं, पण हसू त्याने परतवलं. काट्याची बारीक रेघ बघायची त्याची भिंगाची डबी होती, ती काढून त्याने ठिगळ तपासलं, चारही बाजूंनी. हे नवं कापड होतं का, त्याने विचारलं. होतं, ती म्हणाली. फाटलं कसं नाही? तीन दिवस पाण्यात ठेवलं, वाळवलं, पुन्हा ठेवलं. जेवढं आटायचं तेवढं आटून घेतलं, मग लावलं. आणि तुमची पोरगी दीड वर्षं त्या घराच्या पाण्यात भिजतेय. म्हातारीची पट्टी, पोरींचे ताप, शाळेचे डबे, सगळं तिचं करून झालंय. आटायची होती तर एव्हाना आटली असती.

त्याने डबी खिशात ठेवली. तेव्हा अल्टरबाईने कोट बाजूला सारला आणि स्टूल ओढून त्याला बसायला दिलं.

"गुरुवारी मी चुकले," ती म्हणाली. "लोकांसमोर बोलायला नको होतं. आणि खरं सांगायचं तर हे भिजवण्याचंही मी माझ्या पदरचंच शिवलंय. प्रभू तिथे सोयरिकीबद्दल बोलतच नाही, कर म्हणत नाही आणि करू नको म्हणत नाही. त्याला उपासाबद्दल विचारलं होतं. ठिगळाच्या आधी तो काय म्हणतो ते शेवटचं कधी वाचलंत?"

काटेवाल्याने आठवून बघितलं. त्याला ते वचन पाठ होतं, पण ठिगळापासून पुढे. वरचं वाचून किती वर्षं झाली हे त्याला सांगता येईना, आणि वजनातली खोट सापडावी तसा त्याचा चेहरा झाला.

"घरी जाऊन वाचा," ती म्हणाली. "पण त्याआधी मला एक सांगा. आपल्या घराला भोक पडलं होतं तेव्हा ठिगळ कोण झालं? तुम्ही झालात. तेही कोरे करकरीत. ना भिजवलेले, ना वाळवलेले. दूध मोजून द्यायचात. पहिल्या वर्षी असे आटलात की घर चारही बाजूंनी ओढलं गेलं. तेव्हा कोणी मला हे वचन दाखवून तुम्हाला परत पाठवायला लावलं असतं तर?"

काटेवाला स्टुलावर बसला होता, हात गुडघ्यांवर. मशीनच्या सुईकडे बघत होता. भिंतीपलीकडची कानसही थांबली होती, कारण चावीवाला कान लावून होता आणि ते दोघांनाही माहीत होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "वचन मी मागाहून शोधलं. आधी भीती वाटली. ती चार वर्षांची होती म्हणून मी या घरात आलो. ती गेली की माझं इथे काय काम?"

पंचवीस वर्षांत हा माणूस एवढं एकदाही बोलला नव्हता. अल्टरबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि तिला त्याचा रागही आला, एवढी साधी गोष्ट सांगायला प्रभूला मध्ये घातल्याबद्दल.

"जुनं झालेलं ठिगळ काढता येत नाही, भाऊजी," ती म्हणाली. "काढलं तर कोटच राहत नाही. तुम्ही कुठे जाणार आहात? ट्रंकेचं कुलूप गंजलंय तुमच्या. आणि देवाने तुम्हाला शिवताना माया भरपूर सोडलीय, फक्त आत दुमडून ठेवलीय. जरा उसवा. दोन पोरी सहज मावतील."

त्याने डोळे पुसले नाहीत, कारण आपल्या डोळ्यांत पाणी आहे हे त्याला मान्यच नव्हतं. उठला, कोट हातावर घेतला. दारापाशी थांबून म्हणाला की डाव्या बाहीला इस्त्री नीट झालेली नाही. खरं तर कोटाला अजून इस्त्री लागलीच नव्हती. तिने तो परत काढून घेतला.

रविवारी प्रार्थनामंदिर भरलं होतं. अल्टरबाई गडबडीत गळ्यातला टेप काढायला विसरली होती. मुलगी तिच्या शेजारी मान खाली घालून बसली होती. तिला काहीच माहीत नव्हतं, आणि उद्या बसवाल्याला नाही कसं सांगायचं याची ती मनात जुळवाजुळव करत होती. बसवाला मागच्या बाकावर होता, काठीवाली आई एका बाजूला, लांब केलेल्या फ्रॉकमधल्या दोन पोरी दुसऱ्या बाजूला. पाठाची वेळ झाली. काटेवाला पुढे गेला, त्याने घसा एकदा साफ केला. मग आजवर कधी केला नव्हता तो दुसऱ्यांदा साफ केला.

वाचला तो तोच पाठ, पण वरून. लोक येऊन प्रभूला विचारतात, सगळे उपास करतात, मग तुझे शिष्य का करत नाहीत? आणि तो म्हणतो, नवरदेव सोबत आहे तोवर वऱ्हाडी मंडळी तोंड पाडून उपाशी कशी बसतील? इथे काटेवाला थांबला. पुढची ओळ ठिगळाची होती. त्याने चष्मा काढला.

"पुढचं तुम्हाला पाठ आहे," तो म्हणाला. "मीच ते उगाळून पाठ करून घेतलंय. वरचं मात्र मी सोडून देत होतो, ही माझी चूक. म्हणून आज इथेच थांबतो. आमच्या पोरीचं लग्न ठरलंय. नवरदेव मागच्या बाकावर बसलाय. त्या दिवशी या मंडळीतलं कोणी उपाशी राहिलेलं मला चालणार नाही."

क्षणभर कोणाला कळेना की हा पाठ होता की घोषणा. मग चावीवाल्याने टाळ्या वाजवल्या, जो प्रार्थनेला वर्षातून दोनदाच यायचा, आणि त्याच्यामागून सगळ्यांनी. पाळकाने पुढे काय म्हणायचं ते कागदावर शोधलं आणि सापडलं नाही. मुलगी उठून उभी राहिली होती आणि रडत होती, हसतही होती. बसवाला मात्र खिळल्यासारखा बसूनच होता. त्याच्या आईने त्याला काठीने ढोसलं तेव्हा कुठे तो उभा राहिला.

टाळ्या थांबता थांबता मागच्या बाकावरची धाकटी, फ्रॉकच्या खिशात दोन्ही हात घालून, बाकावर चढली. तिला या सगळ्यातली एकच गोष्ट नीट समजून घ्यायची होती, आणि ज्याने घोषणा केली त्यालाच ती विचारायला हवी हे तिला बरोबर कळलं होतं. तिने सगळ्या मंदिराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "म्हणजे आता आपल्याला दुसऱ्या गावाला जायचं नाही ना?"

काटेवाल्याने तिच्याकडे बघितलं. मग आपल्या वहिनीकडे बघितलं, जी गळ्यातल्या टेपच्या टोकाने नाक पुसत होती.

"नाही गं पोरी," तो म्हणाला. "कोणीच कुठे जायचं नाही."